घरची हत्यारपेटी: नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातपूरला टूलरूममध्ये काम केलेल्या माणसाला नातेवाईक, सोसायटीतली मंडळी आणि त्यांचे ओळखीचे जे विचारत राहतात, ते इथे एकत्र केलं आहे. उत्तरं घरापुरती आहेत. सुतारकाम किंवा वायरिंग हा ज्यांचा धंदा आहे, त्यांची पेटी वेगळी असते. एकच गोष्ट दोनदा सांगायची वेळ आली तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पहिल्यांदाच स्वतःचं घर घेतलंय. सुरुवातीला नेमकं काय घेऊ?

स्क्रू ड्रायव्हर तीन: एक मोठा फुलीचा (दोन नंबर), एक छोटा फुलीचा (एक नंबर) आणि एक चपटा. आठ इंची पकड. दहा इंची स्क्रू पाना, म्हणजे तोंड कमी-जास्त होणारा, नळाचं नट त्यात आरामात मावतं. अर्धा किलोची, मागे खिळे उपटायची चीर असलेली हातोडी. पाच मीटरचा मेजर टेप. लाइन टेस्टर. एलन कीचा (षटकोनी खाचेच्या स्क्रूची वाकडी चावी) एक सेट, कारण हल्लीची खुर्ची, सायकल, मुलांचा पाळणा सगळं त्याच्यावर येतं. छोटी हॅक्सॉ, कागद कापायचा कटर आणि डोक्याला बांधायची बॅटरी. बॅटरी चैन वाटेल, पण सिंकखाली मान घातल्यावर मोबाइल तोंडात धरून काम होत नाही.

याच्या जोडीला संपणाऱ्या वस्तूंचा एक डबा हवा: टेफ्लॉन टेप, इन्सुलेशन टेप, एम-सील, फेव्हिकॉल, नळाचे वायसर, एक-दीड इंची स्क्रू आणि भिंतीत बसवायचे प्लास्टिकचे प्लग (दुकानात ‘गिट्टी’ म्हटलं तरी देतात). रविवारी संध्याकाळी काम अडतं ते पान्यावाचून नाही, दहा रुपयांच्या वायसरवाचून.

बाकी काही आज घेऊ नका. एखादं काम दुसऱ्यांदा निघालं आणि दुसऱ्यांदाही हत्यार उसनं आणावं लागलं, की मग ते विकत घ्या.

२. ऑनलाइन शंभर-सव्वाशे पीसचा सेट पेटीसकट मिळतो. तोच घेतला तर?

त्या शंभरात सत्तर-ऐंशी तर बिट (ड्रायव्हरची सुटी टोकं) आणि सॉकेटच असतात, आणि घरात त्यातले चार वापरले जातात. उरलेल्यात पकड ढिली असते, टेपची पट्टी महिन्यात मुरगळते आणि स्क्रू ड्रायव्हरचं टोक पहिल्याच घट्ट स्क्रूला पिळतं. स्वस्त सेटमध्ये पैसा प्लास्टिकच्या पेटीत आणि फोटोत गेलेला असतो, पोलादात नाही. कोणी लग्नात भेट दिलाच तर नाही म्हणू नका. एलन की आणि छोटे बिट उपयोगी पडतात. पकड आणि पाना मात्र वेगळे घ्या.

३. पहिल्या प्रश्नातल्या यादीला खर्च किती येईल?

चांगल्या भारतीय कंपनीची हातहत्यारं घेतली तर अंदाजे दीड ते अडीच हजार. एकदम घ्यायची गरज नाही. पहिल्या महिन्यात स्क्रू ड्रायव्हर, पकड, टेस्टर. पुढे पाना आणि हातोडी. काटकसर करायची तर टेप, कटर, बॅटरीवर करा. पकड, पाना आणि टेस्टर यांवर करू नका. पहिली दोन निसटली की बोटं सोलतात, आणि तिसऱ्याच्या बाबतीत काय होतं ते प्रश्न ९ मध्ये आहे.

४. नाशिकमध्ये घ्यायचं कुठे?

घरगुती हार्डवेअर रविवार कारंजा, मेन रोड भागात हातात घेऊन बघता येतं. सातपूर आणि अंबड एमआयडीसीच्या आसपास टूल्सची दुकानं आहेत. तिथे गिऱ्हाईक कारखान्यातलं असतं, म्हणून माल टिकाऊ असतो आणि दुकानदाराला ‘दोन नंबरची फुली’ म्हटलं की समजावून सांगावं लागत नाही. पण तिथे रविवारी न जाता आधी फोन केलेला बरा. एमआयडीसीची साप्ताहिक सुट्टी सगळीकडे एकाच वारी नसते.

तापडिया हे नाव तुम्हाला पकडीवर, पान्यावर सगळीकडे दिसेल. ती कंपनी आपल्या सातपूरचीच, १९६९ पासून हातहत्यारं बनवते. गावची म्हणून घ्या असं म्हणत नाही. देशभरातले मेकॅनिक वापरतात हे पुरेसं आहे. नकली माल याच नावाने जास्त फिरतो, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. आणि हो, मायको (बॉशचं जुनं नाव) सर्कलवरून जाताना ‘इथेच बॉशचं ड्रिल बनतं’ असं सांगणारे भेटतात. सातपूरचा तो कारखाना डिझेल इंजिनाच्या इंजेक्टर-नोझलचा आहे, ड्रिलचा नाही.

५. दुकानात उभं राहून चांगलं-वाईट ओळखायचं कसं?

पकड मिटून उजेडाकडे धरा. टोकाशी फट दिसली नाही पाहिजे आणि दोन्ही जबडे एकमेकांसमोर यायला हवेत. एक हँडल धरून हलवा. सांध्यात डावी-उजवीकडे खेळ असेल तर ठेवून द्या. स्क्रू पान्याचा हलता जबडा बोटाने वरखाली ढकलून बघा. थोडा खेळ सगळ्यात असतो, पण लटलट करणारा पाना नटाचे कोपरे गोल करतो. हातोडीचा दांडा लाकडी असेल तर रेषा लांबीत सरळ गेलेल्या बघा. आडव्या रेषांचा दांडा एक दिवस मोडतो आणि डोकं उडतं.

स्क्रू ड्रायव्हर तपासायला खिशात एक मोठा फुलीचा स्क्रू घेऊन जा. टोक खाचेत बसवून स्क्रू आडवा धरला तर चांगल्या टोकावर तो क्षणभर तरी टिकतो. दांड्यावर क्रोम व्हॅनेडियम (चिवट पोलादाचा प्रकार) लिहिलेलं असणं चांगलं, पण लिहायला शाईच लागते. स्क्रू लावून बघणं जास्त भरवशाचं.

६. नवीन मेजर टेपचं टोकाचं हुक हलतंय. बदलून आणू का?

नको. ते मुद्दाम तसं केलेलं असतं. हुक त्याच्या पत्र्याच्या जाडीइतकं मागेपुढे सरकतं. फळीच्या कडेला अडकवून मापलं की बाहेर ओढलं जातं, भिंतीला टेकवून मापलं की आत जातं, म्हणून दोन्ही मापं बरोबर येतात. हलतं म्हणून ठोकून घट्ट केलं तर टेप कायमचा चुकीचा होतो. जाडीपेक्षा जास्त हलत असेल तरच बदला.

७. फुलीचा स्क्रू काढताना खाच गोल होते. जोर कमी पडतोय का?

बहुतेक वेळा ड्रायव्हर चुकीचा असतो. दोन नंबरच्या खाचेत एक नंबरचं टोक घातलं की ते आत गरगरतं आणि कडा खातं. फर्निचरच्या काही स्क्रूंवर मोठ्या फुलीच्या मध्ये चार बारीक रेघा दिसतात. ती पोझीड्राइव्ह नावाची वेगळी खाच आहे. साधी फुली त्यात बसल्यासारखी वाटते, पण घट्ट झाल्यावर उसळते. घरी मॉड्युलर फर्निचर असेल तर त्याचं दोन नंबरचं एक बिट आणून ठेवा.

पद्धत अशी: जोराचा मोठा भाग आत ढकलण्यात, उरलेला फिरवण्यात. गंजलेला स्क्रू असेल तर सुटं करणारं तेल मारून रात्रभर सोडा, सकाळी ड्रायव्हर लावून मागे हातोडीचा हलका ठोका द्या, मग फिरवा. आधी किंचित घट्ट केला तर काही वेळा पटकन सुटतो. खाच थोडीच गोल झाली असेल तर मध्ये रुंद रबरबँड ठेवून बघा. पूर्णच गेली आणि डोकं वर आलेलं असेल, तर हॅक्सॉने आडवी खाच पाडा आणि चपटा ड्रायव्हर वापरा.

८. ड्रिल मशीन घ्यावं का? आणि कोणाच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखं जातं, आमच्यात का जात नाही?

घर नवीन असेल, पडदे, फोटो, आरसे, देवघर सगळं लावायचं असेल तर घ्या. नाहीतर चार-पाच घरांत मिळून एक पुरतं. तेरा मिलिमीटर चकचं (चक म्हणजे बिट धरणारं तोंड), हॅमर चालू-बंद करता येणारं इम्पॅक्ट ड्रिल विटेच्या भिंतीला भरपूर झालं. अंदाजे अडीच ते चार हजारांत येतं. बॅटरीचं छोटं ड्रिल स्क्रू घट्ट करायला आणि लाकडाला फार सोयीचं, पण काँक्रीटला त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नका.

भिंतीचं म्हणाल तर ड्रिलमधून पडणारी पूड बघा, ती सगळं सांगते.

लाल-विटकरी पूड पडली तर वीट आहे. हॅमर चालू ठेवा, सहा मिलिमीटरचं बिट आणि सहाचाच प्लग वापरा. भोक दोन विटांच्या सांध्यात पडलं तर पूड अचानक करडी होते आणि बिट हलकं जातं. तिथला प्लग पुढे सैल होतो, भोक सरकवा.

पांढुरकी, पिठासारखी हलकी पूड आणि बिट बिनबोभाट आत, म्हणजे सिपोरेक्स किंवा तसाच हलका ब्लॉक. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इमारतींत हेच असतं. इथे हॅमर बंद ठेवा, नाहीतर भोक फाटून मोठं होतं. साधा प्लग यात धरत नाही. हलक्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन प्लग मागा. गिझर, मोठा टीव्ही, पाण्याची छोटी टाकी असलं वजन अशा भिंतीवर स्वतः लटकवू नका. त्याला आरपार बोल्ट किंवा केमिकलने बसवलेला अँकर लागतो.

राखाडी पूड पडते आणि बिट अर्ध्या इंचावर थांबतं, म्हणजे तुम्ही कॉलम किंवा बीममध्ये आहात. पडद्याचा रॉड खिडकीवर लावताना हे हमखास होतं. इम्पॅक्ट ड्रिल तिथे नुसतं किंचाळतं. रोटरी हॅमर लागतं, ते दिवसापुरतं भाड्याने आणा. बिट सळईला लागलं तर सळई कापायच्या फंदात न पडता भोक इंच-दोन इंच बाजूला घ्या.

पंचवटीत किंवा जुन्या नाशकात वाड्यात राहत असाल तर मातीच्या भिंतीत प्लग टिकणारच नाही. लाकडी खांब किंवा तुळई जवळ असेल तर स्क्रू त्यातच घाला. मातीच्या भिंतीलाच काही अडकवायचं असेल तर जुन्या लोकांसारखी लांब लाकडी खुंटी ठोकून घेतलेली बरी.

कुठलीही भिंत असो, स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळाच्या सरळ रेषेत भोक पाडायचं नाही. आतल्या वायर आणि पाइप बहुतेक अशाच उभ्या-आडव्या रेषांत गेलेले असतात. बिटावर हव्या त्या खोलीवर टेप गुंडाळा म्हणजे जास्त आत जाणार नाही, आणि भोकाखाली दुमडलेला कागद चिकटवा. पूड सोफ्यावर पडली की घरातल्यांचा या कामाला असलेला पाठिंबा संपतो.

९. टेस्टर लावला, दिवा लागला नाही. म्हणजे लाइन बंद आहे ना?

नाही. या उत्तरावर कोणाचा तरी जीव अवलंबून असू शकतो, म्हणून नीट वाचा. टेस्टर लागला तर करंट आहे. लागला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. आतला निऑनचा दिवा गेलेला असू शकतो, जाड रबरी सपाता घालून स्टुलावर उभं असाल तर तो अगदी मंद लागतो, आणि दिवसाच्या उजेडात तेवढं दिसत नाही. म्हणून आधी चालू असलेल्या सॉकेटवर टेस्टर तपासा, मग कामाच्या जागी लावा, मग पुन्हा चालू सॉकेटवर.

एमसीबी (बोर्डातला खटका) खाली पाडल्यावरही वायरमध्ये करंट असू शकतो, कारण इन्व्हर्टर. लाइट-पंख्याच्या बऱ्याच वायर इन्व्हर्टरमधून जातात आणि मेन बंद झाला की तो आपणहून सुरू होतो. मेन बंद, इन्व्हर्टरही बंद, मगच हात.

सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतोय आणि उपकरण चालत नाही, असंही लोक विचारतात. बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो. तिथे आपली हद्द संपली, इलेक्ट्रिशियनला बोलवा. रंगांवरही भरवसा नको. लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवा अर्थिंग हे पुस्तकात ठीक, पण जुन्या घरात हाताशी आली ती वायर ओढलेली असते.

टेस्टरपुढे जायचं असेल तर साधा डिजिटल मल्टिमीटर शिकून घ्या. मीटर, त्याचं सील आणि त्याच्या अलीकडची वायर महावितरणची. तिथे बिघाड वाटला तर १९१२ वर तक्रार करा.

१०. नळ गळतो. वायसर बदलून पण गळतो. आता?

आधी नळ कुठला ते बघा. मुठ्या चार-पाच वेळा फिरवून बंद होत असेल तर आत रबरी वायसर आहे, तो बदलता येतो. पाव किंवा अर्ध्या फेरीतच बंद होत असेल तर आत सिरॅमिकच्या चकत्यांची काड्रिज असते. तिला वायसर नसतोच, काड्रिज पूर्ण बदलतात. जुनी काढून दुकानात न्या. नंबर लक्षात ठेवून आणलेली काड्रिज बसत नाही, हे गृहीत धरा.

नवा वायसर घालूनही गळत असेल तर तो ज्या पितळी कडेवर बसतो तिथे खड्डा पडलेला असतो. बोअरचं पाणी असेल तर तिथे क्षार साचतो. व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या कापडाने तो निघतो. खड्डा असेल तर नळ बदलणंच स्वस्त. शॉवरची भोकं बुजली तरी व्हिनेगरच.

टेफ्लॉन टेप आट्यांवर घड्याळाच्या दिशेने गुंडाळायची, आटे तुमच्याकडे तोंड करून धरायचे. उलट गुंडाळली तर घट्ट करताना ती सुटत जाते. अर्धा इंची जोडाला आठ-दहा वेढे पुरतात. प्लास्टिकच्या आट्यांवर पाना जपून. हाताने घट्ट, वर पान्याने थोडंसं. त्यापेक्षा जास्त ताकद लावली की तडा जातो आणि तो आठवड्याने दिसतो. आणि काम सुरू करायच्या आधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का ते बघा, तो अनेक घरांत वर्षानुवर्षं फिरवलेलाच नसतो.

११. पावसाळ्यात दार अडकतं. रंधा घेऊन घासून टाकू?

जुलैत घासलं तर डिसेंबरात त्याच दारातून गार वारा आत येईल. लाकूड दमटपणाने फुगतं आणि पाऊस सरला की बसतं. आधी बिजागरीचे स्क्रू घट्ट करा. निम्म्या घरांत दार फुगलेलं नसून लटकलेलं असतं. मग घासतंय त्या कडेवर मेणबत्ती चोळा. दिवाळीनंतरही अडकत राहिलं तरच रंधा, आणि तो विकत घेण्याऐवजी सुताराला बोलवा. घासलेल्या कडेला लगेच रंग किंवा पॉलिश लावून घ्या, उघडी कड पुढच्या पावसात आणखी पाणी पिते.

१२. हत्यारं गंजतात. खोबरेल लावलं तर चालेल का?

लावलं तर काही बिघडत नाही, पण आपल्याकडच्या थंडीत ते थिजतं आणि पुढे चिकट होऊन धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल घ्या, कापडाला दोन थेंब, नुसता हात फिरवा. पेटी बाल्कनीत, गच्चीच्या जिन्यात किंवा सिंकखाली ठेवू नका. गंज आधीच चढला असेल तर बारीक पॉलिश पेपरने काढा आणि तेल लावा.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला काढतोच. त्याच दिवशी पेटी रिकामी करून पुसायची, तेल द्यायचं, संपलेला टेफ्लॉन आणि दगड झालेली एम-सील फेकायची. कारखान्यात आम्ही हेच करायचो. वेगळा दिवस ठरवला की तो उजाडत नाही.

१३. ‘लेडीज टूल किट’ म्हणून गुलाबी पेटी मिळते. एकटी राहते, ती घेऊ का?

ताई, त्यात रंगाचे पैसे जास्त आणि पोलाद कमी. प्रश्न २ मधलंच सगळं तिला लागू आहे. हात लहान असेल तर आठऐवजी सहा इंची पकड घ्या, ती मुठीत नीट बसते. पाना मात्र मोठाच ठेवा, कारण दांडा जितका लांब तितका जोर कमी लागतो. एका काकूंनी फोनवर विचारलं होतं, ‘घट्ट नट माझ्याने सुटेल का?’ सुटतो, पान्यावर भार देऊन सुटतो. मनगटाने ओढायचा हट्ट पुरुषांचेच पाने घसरवतो.

१४. भाड्याच्या घरात काय काय करावं?

मालकाला विचारल्याशिवाय भोक नाही, मग ड्रिल कितीही चांगलं असो. पहिल्या यादीतून हॅक्सॉ वगळा. चिकटवायचे हुक टाइल आणि काचेवर धरतात. चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर हुक रंगासकट खाली येतो. घर सोडताना जुनी भोकं भरायला व्हाइट सिमेंट किंवा वॉल पुट्टी पुरते.

१५. गॅसच्या कामासाठी कुठला पाना लागतो?

कुठलाच नाही. रेग्युलेटर, शेगडीचा व्हॉल्व्ह, पाइप गॅसचं मीटर यांना घरातलं हत्यार लावायचं नाही. तुम्ही करायचं ते इतकंच: नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावून फुगे येतात का बघणं, काडी पेटवून कधीच नाही, आणि नळीवर छापलेली मुदत बघणं. वास आला तर रेग्युलेटर बंद, खिडक्या उघड्या, दिव्याचं बटण चालू-बंद काहीच करायचं नाही, बाहेर येऊन १९०६ वर फोन. सिलिंडरच्या गळतीसाठीचा तो नंबर आहे. पाइप गॅस असेल तर बिलावरचा आपत्कालीन नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा.

१६. आजोबांची जुनी हत्यारं सापडली आहेत. ठेवू की भंगारात देऊ? आणि वापरलेली विकत घ्यावीत का?

जुना व्हाइस, ऐरण, हातोडीचं डोकं, पाने, पटाशी, लाकडी रंधा हे ठेवा. गंज वरवरचा असेल तर प्रश्न १२ प्रमाणे निघतो आणि पटाशीला धार लावून मिळते. हातोडीचं डोकं हलत असेल तर वापरायच्या आधी नवा दांडा आणि पाचर बसवून घ्या. ठोकून ठोकून डोक्याची कड मशरूमसारखी पसरली असेल तर ती घासून काढा, तिचे तुकडे उडतात. गिरमिट शोभेला छान.

भंगाराच्या दुकानांत हीच चार-पाच हत्यारं वजनावर मिळतात आणि तिथला जुना व्हाइस नव्या स्वस्त व्हाइसला भारी पडतो. पण कानस, हॅक्सॉचं पातं, ड्रिलचं बिट, टेस्टर आणि विजेवर चालणारी मशीन वापरलेली घेऊ नका. पहिल्या तिघांचं काम संपलेलं असतं, शेवटच्या दोघांच्या आत काय झालंय ते बाहेरून दिसत नाही.

१७. शेजारी मागून नेतात आणि परत देत नाहीत. नाही कसं म्हणायचं?

पाना, हातोडी द्या. टेस्टर आणि धारेचं काही देऊ नका. ‘सापडत नाहीये’ हे नाशकात सर्वमान्य उत्तर आहे. ड्रिल द्यायचं तर बिट त्यांना स्वतःचं आणायला सांगा, म्हणजे मोडलेलं बिट कोणाचं हा वाद राहत नाही. हँडलवर ऑइल पेंटने फ्लॅट नंबर घाला. सोसायटीत ड्रिल सामाईक असेल तर वॉचमनच्या वहीत नेल्याची तारीख लिहायची पद्धत ठेवा, आणि परत घेताना चकची चावी आहे का तेवढं बघा. हरवते ती नेहमी तीच.